रस्ता झिजतो की आतून सुटतो? भेगा, पाणी, दबाई आणि पॅच

चाकोरी (धागाकर्ता)

रस्ता खराब झाला की आपण सहज म्हणतो 'झिजला'. पण डांबरी रस्ता घासून घासून संपला असं उदाहरण विरळाच. टायरने खडीची धार जाते, ती गुळगुळीत होते आणि ओल्यात पकड सुटते, एवढं खरं. बर्फाळ प्रदेशात टायरला खिळे बसवतात तिथे चाकाच्या वाटेवर खरोखर खोबणही पडते. एरवी मात्र रस्ता वाकून वाकून तुटतो आणि तुटल्यावर पाणी त्याचा निकाल लावतं.

चाक वरून गेलं की डांबराचा थर मिलिमीटरच्या काही अंशाने दबतो आणि परत वर येतो. दबताना थराच्या तळाशी ताण बसतो. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की मोडते, तोच प्रकार. बऱ्याच रस्त्यांत भेग तळात जन्मते आणि वर चढते, म्हणून चाकाच्या वाटेवर मगरीच्या पाठीसारखी जाळी दिसेपर्यंत आतलं काम होऊन गेलेलं असतं.

आता वजन. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑटावाजवळ खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून 'चौथ्या घाता'चा नियम आला: नुकसान ॲक्सलवरच्या, म्हणजे समोरासमोरची चाकं जोडणाऱ्या आसावरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. प्रमाण ॲक्सल ८.१६ टन धरला तर १० टनांचा ॲक्सल सव्वादोन पट नुकसान करतो, १२ टनांचा पावणेपाच पट. उलट अर्ध्या टनाचा मोटारीचा ॲक्सल प्रमाण ॲक्सलच्या सत्तर हजाराव्या भागाइतकं. म्हणजे रस्त्यावर गाड्या किती याने जाडी ठरत नाही. ट्रक किती आणि त्यात माल किती यानेच ठरते.

माझं म्हणणं असं की जादा भार हाच मुख्य गुन्हेगार. वेगळं मत असेल तर मांडा.

मोरीवाला

वेगळं मत आहेच. ज्या चाचणीचा दाखला दिलात तिच्यातसुद्धा पडझडीचा मोठा वाटा वसंतात, बर्फ वितळून खालचे थर पाण्याने भरले तेव्हाचा होता. ट्रक तेच, वजन तेच, फक्त खालची माती ओली. भार भेग पाडतो हे मान्य. भेगेचा खड्डा पाणी करतं.

पाणी तीन वाटांनी शिरतं: वरून भेगांतून, कडेने साइडपट्टीखालून आणि तळातून मातीच्या केशाकर्षणाने. खडीचा थर पाण्याने तुडुंब भरला की दाण्यावर दाणा टेकून भार खाली जाण्याऐवजी पाण्यावर दाब येतो. ते पाणी भेगेतून उसळून बाहेर येतं आणि येताना खालची बारीक माती घेऊन येतं. पाऊस थांबल्यावर भेगांच्या कडेला पांढुरका-राखाडी चिखलाचा डाग दिसतो, तो हाच. तिथे वरून काहीही लावा, खाली पोकळी झालेली आहे.

एक फुकटची तपासणी: पाऊस उघडल्यावर तासा-दीड तासाने, रस्ता बऱ्यापैकी सुकला की चालत जा. बाकी पृष्ठभाग करडा झालेला असतो आणि काही भेगा मात्र काळ्या, ओल्या राहतात. त्या भेगांच्या आत पाणी आहे. खडूने खूण करा. पुढचे खड्डे बहुतेक तिथेच पडतात.

उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणून होत नाहीत. डांबरी पृष्ठभागाला आडवा उतार २ ते २.५ टक्के हवा. ३.५ मीटरच्या लेनमध्ये २.५ टक्के म्हणजे जवळपास ९ सेंटिमीटरचा फरक. दोरी आणि पातळी घेऊन मोजायला पाच मिनिटं लागतात. साइडपट्टीचा उतार त्याहून टक्काभर जास्त. तिच्यावर गवत आणि धूळ साचून ती डांबरापेक्षा उंच होते, मग रस्त्याचं पाणी कडेलाच अडतं आणि खाली मुरतं. ती खरवडून खाली आणणं हे वर्षाकाठचं काम. गटाराचा तळ खडीच्या थराच्या तळापेक्षाही खाली असायला हवा. डांबराच्या पातळीवर गटार काढून ठेवलं तर ते रस्त्यात पाणी सोडतं, काढत नाही.

सांधेकरी

+१. जोडीला एक दुरुस्ती. चार हा घात काही निसर्गनियम नाही, त्या माती-हवामानातल्या निरीक्षणांची सरासरी आहे. सिमेंटने बांधलेल्या थरांसाठी घात बराच वर जातो. तिथे मोजके अतिभारित ट्रक हजारो साध्या ट्रकांपेक्षा महाग पडतात. तेव्हा चाकोरी अगदीच चुकीचे नाहीत.

खडीकरण

भार विरुद्ध पाणी या भांडणात डांबर आणि खडीचं आपसातलं नातं राहून गेलं. दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय असतं. त्यातही क्वार्ट्झ जास्त असलेले दगड फारच; ग्रॅनाइटची खडी म्हणून जास्त कुरकुर करते. धुळीने माखलेली खडी असेल तर डांबर दगडाला न चिकटता धुळीला चिकटतं. पाणी मधे शिरलं की आवरण सोलून निघतं. अशा खड्ड्यातला माल हातात घेऊन पाहा: खडी स्वच्छ धुतल्यासारखी, आणि डांबर कुठे तर एखाद्या कोपऱ्याला. वरून थर धड दिसतो आणि तळातून चुरा झालेला असतो.

चाचणी साधी आहे. डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवायची आणि आवरण किती टिकलं ते पाहायचं. ९५ टक्क्यांच्या खाली आलं की खडी बदला किंवा औषध द्या. औषध म्हणजे पाणी घालून विझवलेला चुना, खडीच्या वजनाच्या १ ते २ टक्के, किंवा डांबरात मिसळायचं चिकटपणा वाढवणारं रसायन.

दुसरं, डांबर म्हातारं होतं. ऊन आणि हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक, ठिसूळ बनतं. काळा रस्ता करडा होतो, वरची बारीक खडी सुटायला लागते, कडेला रेतीसारखी जमते. हे वाहतूक नसलेल्या रस्त्यावरही होतं. किंबहुना तिथे लवकर दिसतं, कारण टायरचं मळणं पृष्ठभाग मिटवत राहतं आणि ते तिथे नसतं.

उलट टोकाला डांबर जास्त झालं किंवा हवेच्या पोकळ्या ३ टक्क्यांच्या खाली गेल्या की उन्हात डांबर वर येतं, रस्ता चकाकतो आणि चाकाच्या वाटा खोल होतात. (अवांतर: या खोलगट वाटेला इंग्रजी शब्द वापरायची काही गरज नाही. धागाकर्त्यांनी नाव म्हणून घेतलेला 'चाकोरी' हा शब्द नेमका तोच आहे.)

पेव्हर_मागे

खडी उत्तम, डांबर उत्तम, आणि दबाई ढिली तर सगळं पाण्यात. अक्षरशः.

डांबराचा थर नुकता दाबून झाल्यावर त्यात ६ ते ८ टक्के हवा राहायला हवी. पुढे वाहतुकीने ती ४ च्या आसपास येते. ८ टक्क्यांच्या वर गेलं की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि थर चाळणी होतो. ठोकताळा असा की ७ टक्क्यांच्या वरचा प्रत्येक टक्का साधारण दहावा हिस्सा आयुष्य खातो. प्लांटवर, म्हणजे डांबर आणि खडी मिसळतात तिथे, कितीही काटेकोर असा, इथे एक तास चुकला की गेलं.

सगळा खेळ तापमानाचा. साधं डांबर धरलं तर प्लांटवर माल १५० ते १६५ अंश, पेव्हरमधून (माल रस्त्यावर पसरणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडताना १३० च्या वर, पहिला रोलर १२० च्या खाली जाऊ न देता, आणि ९० ला पोचेपर्यंत दबाई आटोपलेली. त्यानंतर रोलर फिरवला तर पृष्ठभाग गुळगुळीत दिसेल, घनता वाढणार नाही. उलट खडी फुटेल आणि केसासारख्या आडव्या भेगा पडतील. पातळ थर फार भराभर गार होतो. २५ मिलिमीटरच्या थराला वारा असेल तर काही मिनिटंच मिळतात, ५० मिलिमीटरला दुपटीहून जास्त. म्हणून 'पैसे कमी आहेत, थर पातळ टाकू' हा हिशेब उलटा पडतो. शिवाय थराची जाडी त्यातल्या मोठ्या खडीच्या निदान तिप्पट हवी, नाहीतर खडीला फिरून बसायला जागाच नसते.

आणखी एक निरीक्षण, जे कुणालाही करता येईल. खड्डे किंवा खरबरीत ठिगळं ठरावीक अंतराने येत असतील, समजा दर ३०-४० मीटरला, तर ते ट्रकाचं अंतर आहे. ट्रकमध्ये माल ओतताना मोठी खडी कडेला घरंगळते आणि शेवटच्या खेपेला एकदम बाहेर पडते. तिथे बारीक माल कमी, पोकळ्या जास्त, आणि माल गारही झालेला. उपाय: प्लांटवर एका ढिगात न ओतता पुढे, मागे आणि मग मधे असं तीनदा ओतायचं, आणि पेव्हरचं हॉपर (ट्रक माल ओततो ती पेटी) प्रत्येक ट्रकनंतर रिकामं करून पंख मिटायचे नाहीत, तळाशी थोडा माल कायम ठेवायचा.

उंबरठा

सगळं वाचतोय. एक सरळ प्रश्न. खड्डा भरला की पहिल्या दोन पावसात पॅच उचकटून बाहेर येतो, बऱ्याचदा अख्खी वडीच निघते. माल गरमच असतो. मग चुकतं कुठे?

चाकोरी

वडी निघते याचा अर्थ माल एकमेकांना चिकटला, खड्ड्याला चिकटला नाही. तीन शक्यता: खड्डा ओला होता, धूळ होती, किंवा कडा उतरत्या ठेवल्या. तिन्ही एकदम असण्याची शक्यता जास्त.

रीत अशी. खड्डा दिसतो त्यापेक्षा बाहेर, धड भागात १५ ते ३० सेंटिमीटर आत जाऊन खडूने चौकोन आखायचा. कडा कटरने किंवा ब्रेकरने सरळ उभ्या कापायच्या. बशीसारख्या उतरत्या कडेला माल शून्य जाडीचा होतो आणि तिथूनच सुटायला लागतो. आतलं सैल सगळं टणक लागेपर्यंत काढायचं. तळाला चिखल लागला तर तो खड्डा राहिला नाही. चिखल काढून खडी भरून धुम्मसाने बसवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग झाडू, मग हवेचा झोत. तळ हाताने पुसला तर धूळ लागता कामा नये.

मग टॅक कोट, म्हणजे माल चिकटवणारा डांबराचा पातळ लेप. समजा कापलेला चौकोन १ मीटर बाय ८० सेंटिमीटर, खोली ६ सेंटिमीटर, तळात जुनं डांबर शाबूत. तळ आणि चारही कडा मिळून क्षेत्रफळ जेमतेम १ चौरस मीटर. दर चौरस मीटरला पाव किलो ते ३०० ग्रॅम इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) पुरतं. म्हणजे तांब्याभरही नाही! प्रत्यक्षात झारीने ओतून तळाला डबकं करतात आणि कडा कोरड्या ठेवतात. डबक्यावर पॅच घसरतो आणि उन्हात डांबर वर येतं. ब्रशने लावा, कडांना आधी. इमल्शन लावताना तपकिरी असतं. पाणी सुटून काळं झालं की मगच माल टाकायचा.

माल किती? ०.०४८ घनमीटर, दबलेल्या मालाचं वजन घनमीटरला सुमारे २.३ टन, म्हणजे ११० किलो. टाकताना सैल जाडी सव्वापट: ६ सेंटिमीटरसाठी साडेसात. खोली ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोन थर. फावड्याने दुरून फेकू नका, मोठी खडी वेगळी होते. दबाई कडेकडून मधे. शेवटी पॅच रस्त्याच्या पातळीला किंवा ३ ते ५ मिलिमीटर वर. खाली राहिला तर पाण्याची वाटीच तयार झाली. कडेच्या सांध्यावर डांबराची बारीक पट्टी ओढून वर कच भुरभुरवा.

मोरीवाला

याला एकच पुरवणी. भर पावसात तातडीने भरायचाच असेल तर थंड माल (न तापवता वापरायचं डांबर-खडीचं मिश्रण) वापरा, चोपून बसवा आणि तो तात्पुरता समजा. नंतर पाऊस संपल्यावर तोच पॅच खणून नीट करायचा असतो, हे वहीत लिहून ठेवा. तात्पुरत्या पॅचची दुखणी तो कायमचा समजल्याने होतात.

उंबरठा

कळलं. पण एवढ्या खटपटीपेक्षा सरळ सिमेंटचा रस्ता केला तर कटकट मिटणार नाही का?

सांधेकरी

कटकट जागा बदलते. स्लॅब टिकतो, सांधे दुखतात.

काँक्रीट आकसतं, म्हणून ते कुठेतरी तडकणारच. आपण फक्त जागा ठरवून देतो. ओतल्यावर साधारण ४ ते १२ तासांत, हवामान पाहून, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी करवत मारायची. लवकर मारली तर कडा चुरतात, उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच्या मनाने तडकतं. साडेचार मीटरच्या आसपासचे स्लॅब आणि त्यांच्या आडव्या सांध्यात डॉवेल: ३२ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत सळया, ३० सेंटिमीटर अंतराने. डॉवेलची एक बाजू सरकायला मोकळी हवी. सळ्या तिरक्या बसल्या की सांधा कुलूप लागल्यासारखा होतो आणि स्लॅब भलतीकडेच फुटतो.

देखभाल म्हणजे सांध्यातला सीलंट. खोबणीत आधी फोमची दोरी दाबून बसवतात आणि सिलिकॉनची खोली रुंदीच्या निम्मी ठेवतात. दोरी कशाला? सीलंट तळालाही चिकटला तर तीन बाजूंनी जखडला जातो आणि सांधा उघडला की फाटतो. सीलंट गेला की दोन गोष्टी घडतात. पाणी खाली जाऊन चाकाबरोबर माती उपसतं, स्लॅबचं टोक पोकळीवर लटकतं आणि कोपरा मोडतो. दुसरं, सांध्यात खडे शिरतात. उन्हाळ्यात स्लॅब फुगला की जागा मिळत नाही, कडा फुटतात, कधी दोन स्लॅब तंबूसारखे उचलले जातात. आणि डांबराचा पॅच काही तासांत वाहतुकीला खुला होतो, नेहमीच्या काँक्रीटला कित्येक दिवस थांबावं लागतं. तेही हिशेबात धरा.

खडीकरण

डांबरी रस्त्याकडे परत येतो, कारण 'कधी काय करायचं' हे राहिलंय.

३ ते २० मिलिमीटरच्या सुट्या भेगा: सांधायच्या. गरम हवेच्या झोताने स्वच्छ आणि कोरड्या करून, जमल्यास राउटरने दीड-दोन सेंटिमीटरची खोबण करून, रबरमिश्रित सीलंट सुमारे १८० ते १९० अंशाला तापवून भरायचा. बेताच्या गारव्यात भेग अर्धी उघडलेली असते. तोच मोसम योग्य. भर उन्हात भरलं तर थंडीत ताणून तुटतं. जाळीदार भेगांवर हे करू नका, तिथला आधारच गेलेला असतो. तेवढा भाग कापून बदला.

पृष्ठभाग करडा, बारीक खडी सुटतेय, पण आकार शाबूत: सील, म्हणजे डांबर फवारून वर खडी पसरणं. १० मिलिमीटर खडीच्या एकेरी सीलला चौरस मीटरला साधारण १ किलो डांबर. खडी एकच दाणा जाडीची बसली पाहिजे, ढीग नको. जास्तीची खडी फक्त काचा फोडते. हलक्या चाकोऱ्या असतील तर मायक्रोसरफेसिंग (इमल्शन आणि बारीक खडीचा पातळ थर), ४ ते ८ मिलिमीटर. एक-दोन तासांत वाहतूक सोडता येते.

चाकोरी खोल असेल तर आधी कारण पाहा. चाकोरीच्या दोन्ही कडांना माल फुगून वर आलाय? मग दोष डांबरी थरातच; खरवडून बदला. कडा फुगलेल्या नाहीत, नुसता रुंद खोलगट भाग आहे? मग खालचे थर बसलेत, आणि वरून ५ सेंटिमीटर चढवून ते सुधारणार नाहीत.

पेव्हर_मागे

आणि कृपया थरावर थर चढवू नका. जुन्या भेगा नव्या थरातून वर येतात, ठोकताळ्याने वर्षाला २५ मिलिमीटर. त्यात दर वेळी पातळी वाढते, कर्ब बुडतो, चेंबरची झाकणं विहिरीत जातात आणि मोरीवाला म्हणतात तो उतार नाहीसा होतो. ४०-५० मिलिमीटर मिलिंग करून (यंत्राने खरवडून) तेवढंच भरावं.

जाडी डोळ्याने ठरवायची नाही. बेंकेलमन बीम अजूनही चांगलं काम देतो: ३.६६ मीटरची दांडी, तिचं टोक भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमधे, ट्रक हळू पुढे न्यायचा आणि रस्ता किती उसळला ते डायलवर वाचायचं. दांडीचा टेकू २ : १ वर असतो, म्हणून वाचन दुप्पट करायचं. हे विसरलं की रस्ता आहे त्याच्या दुप्पट सशक्त ठरतो.

उंबरठा

शेवटचा. पाइपसाठी खोदलेली आडवी पट्टी दर वेळी खचते. वर डांबर तर व्यवस्थित टाकलेलं असतं.

मोरीवाला

कारण चर एका दमात भरून वरून रोलर फिरवतात. रोलरची दबाई वरच्या थोड्या भागात पोचते, खालची माती वाहतूक दाबते. भराव १५ सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थराला योग्य ओल. ओल ओळखायची तर मूठभर माती दाबा: लाडू बनला आणि बोटाने ठेचल्यावर फुटला की बरोबर, हाताला चिकटला तर जास्त, वळलाच नाही तर कमी. चर अरुंद असेल तर रोलर विसरा, जंपिंग रॅमर (उड्या मारत माती ठोकणारं हातयंत्र) उतरवा.

वरचा डांबरी काप चरापेक्षा दोन्ही बाजूंना १५ ते ३० सेंटिमीटर रुंद घ्यायचा, म्हणजे नवं डांबर न खणलेल्या खडीवर टेकतं आणि सांधा चराच्या काठावर येत नाही. खणताना काठाची जमीन सैल झालेलीच असते. तुम्ही म्हणता त्या पट्टीच्या बाजूला, जुन्या डांबरात समांतर भेग गेलीय का ते पाहा. गेली असेल तर काप पुन्हा तिच्याही बाहेरून घ्यावा लागेल.